घरी येऊन पाळीव प्राण्यांचं ग्रूमिंग करणारी सेवा, आठ महिन्यांनंतर: अंघोळ चोख, वाळवणं अर्धवट

जानेवारीत घेतलेलं पॅकेज: गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याची महिन्याला एक अंघोळ, पर्शियन मांजरीचं विंचरणं आणि नखं. जागा गोरेगाव. जूनपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. जुलैच्या अंघोळीनंतर तिसऱ्या दिवशी गोल्डनच्या कानाखाली रुपयाएवढा ओला लाल चट्टा उठला आणि संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा झाला. डॉक्टरांनी हॉटस्पॉट सांगितला, म्हणजे ओल आणि खाजवण्याने चिघळलेली कातडी. भोवतीचे केस कापले, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसलं, खाजवू नये म्हणून गळ्यात कोन घातला. खर्च अंघोळीच्या दुपटीहून जास्त.

गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब थर लवकर सुकतो, आतला लोकरीसारखा थर पाणी धरून ठेवतो. मुंबईच्या जुलैत हवाच इतकी दमट की ते पाणी आपोआप उडत नाही. तिथे कातडी मऊ पडते, कुत्रा खाजवतो आणि जंतूंचं फावतं. त्यावर उपाय जोराच्या वाऱ्याचा ब्लोअर, जो केसांच्या मुळाशी साचलेलं पाणी ढकलून बाहेर काढतो. आपला घरगुती हेअर ड्रायर वरचा थर तापवतो, बस.

मोठे ब्लोअर दोन हजार वॅटच्या पुढे जातात, त्यांना १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. हॉलमधले साधे पॉइंट ६ अँपिअरचे. जाड पिनचा प्लग त्यात जात नाही, म्हणून ग्रूमिंगला आलेल्या मुलाने बॅगेतून छोटा ड्रायर काढला आणि वीस मिनिटांत काम आटोपलं. बुकिंग करताना मजल्याचा नंबर, लिफ्ट, पार्किंग सगळं विचारतात. सॉकेट विचारत नाहीत. एसीचा पॉइंट बहुतेक घरांत १६ चा असतो, हे आधी सांगितलं असतं तर बेडरूममध्ये वाळवता आलं असतं!

इथवर लिहून एकच तारा द्यायचा ठरलं होतं. पण ऑगस्टमध्ये तोच मुलगा आला, ब्लोअर एसीच्या पॉइंटवर लावला आणि नुसतं वाळवायला पन्नास मिनिटं लागली. काम अप्रतिम. कंपनीने एका भेटीला दिलेली वेळ मात्र नव्वद मिनिटं. विंचरणं, दोनदा शाम्पू, कान आणि नखं यांतच तासभर जातो. म्हणजे दोष हाताचा नाही, वेळापत्रकाचा. तक्रारीवर आधी 'पुढच्या वेळी नखं मोफत' असं उत्तर आलं. अकरा दिवस फोन केल्यावर एका भेटीचे पैसे परत मिळाले.

ग्रूमर निघण्याआधी तपासायच्या जागा: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, मांड्यांमागे. ब्लोअर बंद करून पाच मिनिटं थांबा, कारण गरम केस हाताला कोरडेच वाटतात. मग बोटांनी केस फाकवून कातडीला हात लावा. गार लागलं तर ओल आहे.

बाकीचं काम चांगलं. काळी नखं एकदम न कापता पातळ चकत्या काढतात आणि मधे गडद ठिपका दिसला की थांबतात. गुंता अंघोळीआधी सोडवतात, पाणी लागल्यावर तो आणखी आवळतो. मांजरीच्या काखेतल्या जटांना कात्री लावली नाही, हे विशेष. जट ओढली की तिची पातळ कातडीही वर येते आणि कात्रीत सापडते. क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, सावकाश काढल्या. एक टी ट्री तेलाचा स्प्रे मात्र परत बॅगेत ठेवायला लावला. मांजरांना ते विषारी आहे. गोचिडांचं औषध मानेवर टाकलं असेल तर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको, हेही ते विचारत नाहीत. आपणच सांगावं.

मांजरीचं पॅकेज वर्षभरासाठी वाढवलं. गोल्डनचं फक्त ऑक्टोबर ते मे, तेही दिवसातली शेवटची वेळ मिळाली तरच, म्हणजे पुढच्या घराची घाई नसते.