आजीच्या घरातली म्हणून घेतलेली कुत्र्यांची जोडी

इंग्लंडात राहून जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. गेल्या वर्षी बर्मिंगहॅमजवळच्या अशाच एका बाजारात मी ३२० पौंड मोजून चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी घेतली. पांढरे स्पॅनियल, अंगावर तांबूस ठिपके, गळ्यात सोनेरी साखळी आणि कुलूप. व्हिक्टोरिया राणीच्या काळात शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना असे कुत्रे बसवत. विक्रेता म्हणाला, "१८५० सालची जोडी, माझ्या आजीच्या घरातली. स्टॅफर्डशायरचीच." (स्टॅफर्डशायर म्हणजे मातीकामासाठी नावाजलेला इंग्लंडातला परगणा.) इतकं गोड बोलला की मी कुत्रे उलटे करूनसुद्धा पाहिले नाहीत.

घरी धूळ काढायला कोमट पाण्यात ठेवले, तर पाणी चहासारखं झालं! झिलईवरच्या बारीक तड्यांमध्ये रंग भरून त्यांना म्हातारपण आणलं होतं. मग बूड पाहिलं. भोकात माझी करंगळी सहज गेली, आतली भिंत गुळगुळीत लागली. जुने कुत्रे दोन अर्ध्या साच्यांत हाताने माती दाबून घडवत, म्हणून ते जड असतात आणि भट्टीतली हवा निघण्यापुरतं छिद्र बारीक असतं. नकली माल साच्यात पातळ माती ओतून करतात. उरलेली माती बाहेर काढायला भोक मोठं लागतं. बुडाची झीजही सँडपेपरची, सगळे ओरखडे एकाच दिशेला.

पुढे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या पॉटरीज म्युझियममध्ये जाऊन अस्सल मातीकाम पाहिलं. अशा बहुतेक कुत्र्यांवर कारखान्याचा शिक्का नसतोच, आणि ते स्कॉटलंडमध्येही बनत. त्यामुळे जाणकार विक्रेता "बहुधा स्टॅफर्डशायर" एवढंच म्हणेल. त्या "चीच"वरच मला थांबायला हवं होतं. (शिक्क्यात नुसतं 'इंग्लंड' असेल तर वस्तू साधारण १८९१ नंतरची, 'मेड इन इंग्लंड' म्हणजे बहुतेक विसाव्या शतकातली.)

इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याने, व्यापाऱ्याने केलेल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. पण माझ्या पावतीवर फक्त "कुत्रे, जोडी" लिहिलं होतं. वर्ष, ठिकाण, जुनी की नवी, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर तिथूनच परत फिरा. माझा फोन त्याने आजतागायत उचललेला नाही.

दोन्ही कुत्र्यांच्या बुडाला मी पक्क्या शाईने "नक्कल" असं इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. उद्या मुलांनी घर आवरताना ही जोडी विकायला काढली, तर आमच्या घरातून दुसरं कुणी फसायला नको.