तीस तासांचे धडे की दोन दिवसांची कार्यशाळा?

गेल्या महिन्यात इंदुरात सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात एका तरुण व्यवसायबंधूनं, म्हणजे माझ्यासारख्याच इंटिरिअर डिझायनरनं, गाठलं. "दादा, यंदा शिकायला थोडे पैसे बाजूला काढलेत. वेल एपी करू, की ती अ‍ॅक्सेसिबिलिटीची कार्यशाळा?" वेल एपी म्हणजे इमारतीत राहणाऱ्यांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या 'वेल' मानांकनाचा जाणकार असल्याचा दाखला, आणि कार्यशाळा दिव्यांगांना सहज वावरता येईल अशा जागा करण्याची. तेवढ्यात घंटा झाली. राहिलेलं उत्तर इथे देतो.

आपल्यावर सक्ती कसलीच नाही. वास्तुविशारदांना १९७२चा कायदा आहे, कौन्सिल आहे. इंटिरिअर डिझायनरची पाटी मात्र उद्या कुणीही लावू शकतो. दुकानं, दवाखाने, ऑफिसं करत एकही तास न शिकता धंदा निभतो, आणि इंदुरात तो बरा निभतो. शिकायचं ते आपल्या पैशानं, आपल्या रविवारी. तेव्हा रविवार कुठे घालवायचा हे बघायला हवं.

मी दोन्ही केलंय. आधी लीड एपी, म्हणजे हरित इमारतींच्या 'लीड' मानांकनाचा तसाच दाखला, इंटिरिअरच्या शाखेतून, मागोमाग वेल एपी, आणि गेल्या वर्षी कार्यशाळा. आयजीबीसीची, म्हणजे भारतातल्या हरित इमारत परिषदेची परीक्षाही दिली. आपल्या हवामानाशी आणि आपल्याकडच्या साहित्याशी तिचं नातं जवळचं, त्यामुळे नवख्यानं हरित इमारतींची सुरुवात तिथून करावी असं मला वाटतं. पण तुमचा प्रश्न तो नव्हता.

लीड आणि वेल, दोन्हींचा हिशेब सारखा. एपी टिकवायचं तर दर दोन वर्षांत तीस तास, त्यातले सहा त्यांच्याच पद्धतीविषयीचे. धडे घरबसल्या, बरेचसे रेकॉर्ड केलेले. थेट ऐकायचं तर अमेरिकेतली दुपार म्हणजे आपली रात्र. साडेनऊ-साडेदहाला लॅपटॉप उघडायचा आणि घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायचा.

वेलचं ऋण मी नाकारणार नाही. त्याच्या दहा विषयांपैकी मला खरा उपयोगी पडला तो हवेचा. भंवरकुआँजवळ एका कोचिंग क्लासचं काम होतं. एका खोलीत साठ मुलं, दोन स्प्लिट एसी, खिडक्या बंद. दुपारच्या बॅचला मुलं पेंगतात म्हणून मालकांना तिसरा एसी हवा होता. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे धड्यात नीट उलगडून दाखवलं होतं. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर घेऊन मी मागच्या बाकावर बसलो. बाहेर सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशे) आसपास असलेला आकडा पाऊण तासात दोन हजारांच्या पुढे गेला. तिसरा एसी रद्द केला आणि ताजी हवा आत ओढणारा पंखा नि डक्ट बसवला. पेंगणं किती कमी झालं ते काही मी मोजलं नाही. पुढच्या शाखेचं काम मला मिळालं, एवढं खरं.

मग खटकलं काय? तो तासांचा हिशेबच. लीडच्या दुसऱ्या फेरीच्या शेवटी माझे सात तास कमी पडत होते आणि डिसेंबर संपत आला होता. त्या आठवड्यात मी धडे निवडले ते लांबी बघून. दीड तासाचा कोणता, लीड-वेल दोन्हीकडे चालणारा कोणता, शेवटी दहाच प्रश्न विचारणारा कोणता. फुकटातले बरेच धडे कुणा ना कुणा सीलिंगवाल्या नाहीतर कार्पेटवाल्या कंपनीनं प्रायोजित केलेले. एकात तर चाळीस मिनिटं अशा मालावर गेली, जो इथल्या सियागंज बाजारात सोडाच, मुंबईहून मागवूनही मिळाला नसता. व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता. मी आवाज बंद केला आणि बाजूच्या स्क्रीनवर एका कामाचं एस्टिमेट करत बसलो. तास भरले, प्रमाणपत्र आलं.

त्याच आठवड्यात जुन्या पलासियात एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याची जागा बघायला गेलो. जोतं उंच, समोर सहा-सहा इंचांच्या सात पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, "माझे निम्मे पेशंट ह्या चढणार कशा?" रॅम्पचा एकास बाराचा उतार, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, मला पाठ होता. बेचाळीस इंचांना बेचाळीस फूट रॅम्प, शिवाय मध्ये सपाट टप्पा. समोर जागा अठरा फूट. नुकतेच तीस तास पुरे केलेला मी "बघून सांगतो" म्हणून परत आलो.

कार्यशाळेला गेलो तो हा प्रश्न खिशात घेऊन. दोन दिवस, बारा-पंधरा माणसं, स्लाइड नावापुरत्या. शिकवणाऱ्या ताई देवासच्या, स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपलंच एखादं जुनं काम दाखवायचं होतं. मी मोठ्या अभिमानानं विजयनगरातलं एक ऑफिस निवडलं, कारण तिथे मी दिव्यांगांसाठी वेगळं टॉयलेट केलं होतं.

तिथे गेल्यावर ताईंनी मला व्हीलचेअरमध्ये बसवलं. "दार कसं आहे ते सांगू नका दादा, आत जाऊन दाखवा." ड्रॉइंगवर तीन फुटांचं दार. चौकट आणि उघडलेल्या पल्ल्याची जाडी वजा जाता टेपवर मोकळी जागा जेमतेम ७८० मिलिमीटर. केंद्र सरकारच्या २०२१च्या अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्समध्ये मोकळी रुंदी ९०० सांगितली आहे. तो आकडा मला ठाऊक होता, पण मी तो भिंतीतल्या भोकाला लावला होता. कोपरं खरचटत आत गेलो. आत पोछे, झाडू, फिनेलचे कॅन आणि वीस लिटरचे रिकामे जार. ग्रॅब बारवर, म्हणजे आधाराला धरायच्या दांड्यावर, फडकी वाळत घातलेली. ताईंनी फडकी बाजूला करून बार धरला तर तो हलला. जिप्समच्या पार्टिशनवर बसवताना मागे प्लाय द्यायचा राहून गेला होता. ही चूक सुताराची नाही, माझी. डिटेल मीच काढलं नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये आपल्या इंदूरचा अभिमान रांगेत उभा होता: ओला, सुका आणि बाकीच्या कचऱ्याचे वेगवेगळे डबे. त्या रांगेनं पॅसेजची फूटभर रुंदी खाल्ली होती आणि प्रत्येक डब्याचं झाकण पायानं दाबून उघडायचं. व्हिडिओच्या धड्यांत कचरा एका तासात येतो आणि व्हीलचेअर दुसऱ्या. जागेवर दोघांची गाठ एकाच बोळात पडते, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. डबे आता भिंतीतल्या खोबणीत आहेत, झाकणाशिवाय.

दवाखान्याचा प्रश्न शेवटी विचारला. ताईंनी रॅम्पबद्दल काही न बोलता विचारलं, "मागे काय आहे?" मागे गल्ली होती आणि ती समोरच्या रस्त्यापेक्षा दोन फूट उंच. म्हणजे चढायचे उरले अठरा इंच, अठरा फुटांत बसणारे. "पण मग ते दार सगळ्यांचं करा. आम्ही मागून आणि बाकीचे पुढून, असं नको." आज त्या दवाखान्याचं रिसेप्शन मागच्या बाजूला आहे.

क्लायंट विचारतात, एवढं करायची सक्ती आहे का? दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६चा. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसत्या शिफारशीवजा गाइडलाइन्सवर भागणार नाही, किमान काही निकष सक्तीचेच हवेत, आणि केंद्राला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. मी मीटिंगमध्ये एवढंच सांगतो. पुढची घासाघीस कमी होते.

कार्यशाळेची उणी बाजूही आहे. नावापुढे लावायला अक्षरं मिळत नाहीत. सस्टेनेबिलिटी जवळजवळ नाहीच, हवा-प्रकाशही ओझरता. सगळी मदार शिकवणाऱ्यावर, त्यामुळे तुमच्या बॅचला कोण मिळेल ह्यावर बरंच अवलंबून. आणि तुमची कामं सुपर कॉरिडॉरकडच्या आयटी कंपन्यांची असतील, तर टेंडरच्या कागदावर लीड-वेल मागतात. तिथे माझ्या दवाखान्याची गोष्ट सांगून उपयोग नाही, एपी कराच.

पण तुमची कामं माझ्यासारखी असतील, क्लिनिक, क्लासेस, शोरूम, दोन मजली ऑफिसं, तर मला वाटतं, आधी कार्यशाळा करा. वेल नंतर केलंत तर धडे निवडताना निदान काय शोधायचं ते कळेल. जाताना स्वतःच्या कामाचं ड्रॉइंग आणि टेप न्या, आणि शक्यतो ज्याचा अभिमान वाटतो तेच काम दाखवा.

माझं वेलचं नूतनीकरण ह्या मार्चमध्ये आहे आणि अकरा तास अजून बाकी आहेत. फेब्रुवारीत ताईंची पुढची बॅच आहे, ह्या वेळी कमी दिसणाऱ्यांसाठीच्या रंगसंगतीवर आणि उजेडावर. तिथे मी नाव दिलंय. अकरा तासांचं अजून काही ठरलेलं नाही.