जेल प्लेट: पहिला ठसा देखणा, दुसरा कामाचा

गेल्या जूनमध्ये पाच बाय सात इंचांची जेल प्लेट मागवली, म्हणजे रंग पसरून कागदावर ठसे काढायची मऊ पाटी. पावसाळा, चवथ आणि नाताळ असं सगळं तिने बघून झाल्यावर आता तिच्याविषयी लिहिते आहे. ११५० रुपये पडले. खोका उघडला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हें कितें गो, साबण?" दिसते खरी तशीच. पारदर्शक, बोटाने दाबली की थुलथुलणारी, हाताला किंचित तेलकट लागणारी वडी.

मी गोव्यात डिचोलीला राहते. मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे आणि हाताने भेटकार्डं करते, वर्षाला शंभरेक. अक्षर बरं आहे, कागदी फुलंही जमतात. घोडं अडायचं ते मागच्या रंगाशी. ब्रशने पाणीदार रंग दिला की कागद पापडासारखा वर यायचा. स्पंजने टिपला तर सगळी कार्डं पोपडे आलेल्या भिंतीसारखी. म्हणून हा खर्च.

त्याआधी प्लेट घरी करून पाहिली होती. ते सांगते, म्हणजे कोणी त्या वाटेला जाताना विचार करेल. जिलेटिन पावडर, मेडिकलमधलं ग्लिसरीन आणि गरम पाणी एकत्र करून स्टीलच्या ताटात ओतायचं आणि फ्रिजमध्ये गोठवायचं. ठसे सुरेख आले. पण भाचीने नेमकं सासूबाईंच्या देखत सांगितलं की जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. त्याच संध्याकाळी ते परसात गेलं, ताटासकट. मग चायना ग्रास घेतलं. तेही गोठतं, पण ठिसूळ. तिसऱ्या ठशाला बरोबर मधोमध तडा. विकतच्या प्लेटीत जिलेटिन नसतंच, खनिज तेलाच्या आधाराने केलेला रबरासारखा पदार्थ असतो. त्यामुळे फ्रिज नको, मुंग्या नाहीत, बुरशी नाही आणि घरात शांतता.

आता एक ठसा कसा काढते ते. प्लेटीवर अ‍ॅक्रिलिक रंगाचे मसुरीच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब टाकायचे आणि रबरी रोलरने पसरायचे. किती पसरायचे हे डोळ्यापेक्षा कानाला आधी कळतं: रंग जाड असतो तोवर रोलर चपचप करतो, पुरेसा पातळ झाला की नुसता सर्र आवाज येतो. तिथे थांबायचं. आमच्या चिऱ्यांच्या गडग्यावर पावसात नेचे उगवतात, त्यातलं एक पान शिरांची बाजू खाली करून रंगावर ठेवायचं, वर कागद, तळव्याने चोळायचं आणि उचलायचं. पहिल्या कागदावर भरगच्च रंगात पानाची कोरी आकृती येते. बघणारे वा म्हणतात.

तो कागद बाजूला ठेवा. चिमट्याने पान अलगद काढा आणि नवा रंग न घालता त्याच प्लेटीवर दुसरा कागद टेकवा. पानाखाली राहून गेलेला रंग आता वर येतो. मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, नेच्याच्या पाठीवरच्या बीजाणूंचे ठिपकेसुद्धा. सगळं फिकं, धुक्यातून दिसल्यासारखं. मी पहिले दोन महिने हे दुसरे कागद रोलर पुसायला वापरत होते! पहिल्या ठशांची कार्डं मात्र कोणी घेईना, आणि का ते शेजारणीने सांगितलं: "झाड छान आलंय, पण लिहिलंयस काय ते दिसतच नाही." तेव्हा उजेड पडला. कार्डाचा बॅकग्राउंड मागे राहिला पाहिजे, आणि या प्लेटीत तो आपसूक मागे राहतो तो दुसऱ्या ठशात. पहिल्यांच्या पट्ट्या कापून मी लिफाफ्याला आतून लावते.

पानांचंही कळत गेलं. फणसाचं पान जाड, त्याच्या कडेला कागद टेकत नाही, म्हणून भोवती पांढरी कड सुटते. आंब्याची कोवळी पालवी उत्तम. चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या छतासाठी, आणलेल्या पाल्यातली चार पानं मी बांधायच्या आधीच चोरते, देव रागावला नसावा.

रंग कॅमलचे साधे अ‍ॅक्रिलिक. पोस्टर कलर घेऊ नका, तो वाळल्यावरही पाण्याला सुटतो आणि गोंदाचं बोट लागलं की पसरतो. कागद गुळगुळीत हवा. वॉटरकलरच्या खरबरीत कागदावर पांढरे दाणे राहतात. मी १२० जीएसएमच्या कागदावर ठसे काढते आणि जाड कार्डशीटवर चिकटवते. अ‍ॅक्रिलिकवर जेल पेन घसरतं, म्हणून मजकुराला आत साधा कागद.

आपल्याकडची हवा मात्र प्लेटीबरोबर आलेल्या माहितीपत्रकाला ठाऊक नव्हती. त्यात लिहिलं होतं, घाई करा, रंग लगेच वाळतो. एप्रिलमध्ये पंख्याखाली खरंच वाळतो, कागद ठेवायच्या आत. पंखा बंद करून घामाघूम काम करावं लागतं. जुलैत उलट, एकावर एक रंग चढवायचा तर पहिला वाळेपर्यंत भात शिजून होतो. आणि वाळलेलं अ‍ॅक्रिलिकही दमट हवेत एकमेकांना धरतं, हे मला शिक्षकदिनाच्या आदल्या रात्री समजलं. २२ कार्डं गठ्ठा करून वर शब्दकोश ठेवला होता. सकाळी एकच कार्ड होतं, चांगलं चार बोटं जाड. सोडवताना नेचे एकीकडे आणि कागद दुसरीकडे. तेव्हापासून मध्ये बटर पेपर, वर टाल्कम पावडरचा हलका हात.

तक्रार आहे ती विकणाऱ्याबद्दल. प्लेट पुठ्ठ्याशिवाय, नुसती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आली आणि एका कोपऱ्यात आडवा वळ पडलेला होता. तो वळ प्रत्येक ठशात पांढरी रेघ होऊन उतरे. कळवलं तर म्हणाले, फोटो पाठवा. पारदर्शक वस्तूवरच्या पारदर्शक वळाचा फोटो! ठशाचा पाठवला, तर उत्तर आलं की हा कागद आहे, प्लेट नव्हे. पैसे परत नाहीत. शेवटी बेबी ऑइलचा हात फिरवून काचेवर सपाट ठेवली, पंधरा दिवसांत वळ बराच भरला. पूर्ण नाही. तुम्ही ठेवताना सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांमध्येच ठेवा; कागदात गुंडाळली तर कागद तेल शोषतो, वर्तमानपत्रात गुंडाळली तर बातम्या उमटतात.

नाताळच्या कार्डांसाठी वेगळं केलं. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना निळ्या-पांढऱ्या अझुलेजांच्या, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या फरश्यांच्या, भिंती लागतात. त्यांच्या किनारीवरून सुचलेली एक वेल जुन्या एक्स-रे फिल्मवर कापली आणि स्टेन्सिल केली. निळा रंग, दुसरा ठसा. चाळीस कार्डं नाताळच्या आधीच संपली.

घ्यायची तर याच मापाची घ्या, एका कार्डाला पुरते. वर्षाला पाच-सहा कार्डं करणार असाल तर मुळीच घेऊ नका, त्याला स्पंज पुरे. पाचात चार तारे देते, एक त्या वळासाठी कापला.

परवा सासूबाईंनी आपणहून ओव्याचं पान आणून दिलं. जाड, लवदार, पाणी भरलेलं; यायचं नाही हे मला दिसत होतं, पण नको कसं म्हणणार. पहिला ठसा नुसता चिखल. दुसऱ्यात पानावरची लवसुद्धा उतरली आहे.