फूटभर व्यासाचे दगडी जाते: भरडीला उत्तम, रोजच्या पिठाला अपुरे

आठवडी बाजारात एका पाथरवटाकडून घेतलेले हे जाते काळ्या पाषाणाचे असून त्याच्या प्रत्येक तळीचा, म्हणजे गोल दगडाचा, व्यास साधारण एक फूट आणि जाडी दोन इंच आहे. एवढ्या मापातही जोडी वीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा जागा एकदाच ठरवलेली बरी.

घेताना वरची तळी उलटी करून पाहावी. तोंडातून टाकलेले धान्य मध्याशी भरडले जाते आणि कडेकडे सरकताना बारीक होते. हे सारे टाकीच्या, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीच्या, घावांवर अवलंबून असल्याने ते ठसठशीत आणि सर्वत्र सारखे हवेत. शोभेसाठी गुळगुळीत करून विकली जाणारी जाती, माझ्या मते, दिवाणखान्यातच ठेवावीत.

भरडीच्या कामात मात्र या जात्याला तोड नाही. मधल्या खिळ्याभोवती चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलली की मूग नेमके दुभंगतात, त्यांचा चुरा होत नाही. मिक्सरला हे जमत नाही. लापशीचा गहू आणि तांदळाच्या कण्याही हव्या तशा निघतात. मेतकुटासाठी वैरण, म्हणजे जात्यात घालायचे धान्य, चिमटी-चिमटीने घातली तर पीठ पुरेसे बारीक येते आणि हाताच्या गतीने ते तापत नसल्यामुळे भाजलेल्या डाळींचा खमंगपणा टिकतो.

पोळ्यांच्या कणकेची अपेक्षा मात्र ठेवू नये. वरची तळी जेमतेम दहा किलोची असल्याने दाब कमी पडतो, तेच पीठ पुन्हा दळावे लागते आणि चार माणसांपुरती कणीक होईतो खांदे भरून येतात.

नव्या दगडाची कच जाईपर्यंत जाडेभरडे तांदूळ दळून ते पीठ टाकून द्यावे. चिमूटभर दातांखाली चावून पाहिले की कच उरली आहे का ते लगेच कळते. माझ्या जात्याची मांकडी, म्हणजे वरच्या तळीच्या तोंडातली खिळ्यावर टेकणारी पट्टी, थोडी एका बाजूला बसवलेली होती, त्यामुळे तळी डुगडुगत असे आणि पीठ एकाच कडेने सांडत असे. जाते फिरवायचा खुंटाही कच्च्या लाकडाचा निघाला. तो काढून बाभळीचा बसवला आणि पाचर मारून घट्ट केला.

खरी अडचण पुढची आहे. वापराने घाव बुजले की जात्याला पुन्हा टाकी लावावी लागते. विक्रेत्याने त्यासाठी घरी येण्याचे कबूल केले होते, पण आता तो फोन उचलत नाही. शहरात राहणाऱ्यांनी टाकी लावणारा माणूस जवळपास मिळतो का, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.