इतवारीतून आणलेला बिडाचा तवा, चार महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत नागपूरच्या इतवारी बाजारातल्या भांडे ओळीतून बारा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घेतला, सोबत लोखंडी पत्र्याची एक कढई. दुकानाचं नाव देत नाही कारण एक तक्रार आहे, पण तवा चांगला आहे हे आधीच सांगते, आणि ज्यांचा तवा चिकटतो म्हणून माळ्यावर पडला आहे त्यांनी तर नक्की वाचा.

तक्रार अशी की दुकानदार भाऊ म्हणाले, "ताई, सीझनिंग होऊनच आलाय, घरी जा अन् डायरेक्ट डोसा टाका." सीझनिंग म्हणजे तेल तापवून लोखंडावर बसवलेला कडक थर, त्याने पदार्थ चिकटत नाही. मी डोसा टाकला, तर अर्धा तव्यावर अन् अर्धा सराट्यावर. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फडक्यावर थोडं तेल घेऊन तवा पुसला तर फडकं काळं झालं, बोटाला करडी भुकटी लागली आणि मधोमध हात फिरवला तर बारीक रेतीसारखं खरबरीत. गंज लागू नये एवढ्यापुरतं तेल मारून पाठवलेला तवा होता तो. तसं सांगून विकला असता तर काही म्हणणं नव्हतं, कारण सीझनिंग घरी करता येतं, पण नवीन माणूस एका डोशात हात टेकतो ना.

मग गरम पाणी, साबण, घासणी घेऊन खसाखसा धुतला आणि लगेच गॅसवर ठेवून कोरडा केला. घरातलं साधं सोयाबीनचं तेल लावलं. पहिल्या वेळेस तेल जास्त झालं, तापवल्यावर कडेला गुळाच्या पाकासारखे पिवळट थेंब जमले, बोट लावलं की चिकट. ते सगळं घासून काढावं लागलं. दुसऱ्यांदा चमचाभर तेल लावून फडक्याने पुसलं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने परत पुसलं, इतकं की तवा तेलकट दिसेना, आणि मग मध्यम आचेवर धूर निघेपर्यंत तापवला. सगळं गमक या पुसण्यात आहे. तेल धुरापर्यंत तापलं की ते पातळ राहत नाही, त्याचा कडक थर होऊन लोखंडाला धरून बसतो, पण थर जाड असेल तर वरचा वाळतो अन् आतला चिकटच राहतो. आपला घरचा बर्नर मधेच तापवतो, म्हणून दर पाच मिनिटांनी तवा सांडशीने सरकवत राहिली, नाही तर मधे काळा अन् कडेला करडा राहतो. असे चार थर दोन दिवसांत दिले. खिडक्या उघड्या ठेवा, धूर खूप होतो.

कढईवर मी जवसाचं तेल वापरून पाहिलं, आपल्याकडे जवस घरचाच आणि सगळीकडे त्याचीच तारीफ. थर सुंदर आला, काळा काचेसारखा. तीन आठवड्यांत त्याच्या पापड्या निघायला लागल्या, झुणक्यात काळे कण दिसले. जवसाचं तेल ऑइल पेंटमध्येही वापरतात, वाळून कडक होतं ते खरं, पण थर ठिसूळ होतो. कढई परत घासून सोयाबीनवरच आणली, तेव्हापासून ठीक. आता तिच्यात झुणका असा होतो की खालची खरपूड खायला घरात भांडणं होतात. फक्त टमाटर आणि चिंच तिच्यात शिजवू नका. एकदा टमाटरची चटणी केली तर लोखंडाची चव उतरली आणि तळ करडा पडला, परत दोन थर द्यावे लागले. आंबट वरण स्टीलच्या गंजातच (पातेल्यात) बरं.

साबणाचं विचारतात सगळे. आत्या म्हणते साबण अजिबात नको, पण बसलेला थर भांड्याच्या साध्या लिक्विडने निघत नाही, मी लावते. रात्रभर सिंकमध्ये भिजत मात्र ठेवायचा नाही, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकायचं नाही, बीड तडकतं. आणि नागपुरात एक गोष्ट लक्षात ठेवा, मे महिन्यात बाहेर हवा कोरडी असते पण घरात कूलर दिवसभर चालतो, त्या ओलीने माझ्या तव्याला एका रात्रीत नारिंगी ठिपके आले. तेव्हापासून धुतला की गॅसवर दोन मिनिटं, वरून तेलाचा हात, अन् मगच कपाटात.

आता धिरडं टाकलं की कडा आपोआप सुटतात, फल्ली तेलाचे चार थेंब पुरतात. घाई मात्र चालत नाही, बीड हळू तापतं, मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्यावीच लागतात.

वजन तीन किलोच्या जवळ आहे, आईच्या मनगटाला पेलत नाही, म्हणून तिच्यासाठी दहा इंची पाहून राहिली आहे. यावेळी काउंटरवर उलटा-सुलटा ठेवून पाहणार, कारण माझा मधे जरासा फुगलेला आहे आणि शेगडीवर डुलतो. आणि बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणार, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत तडा असू शकतो, तो तिथेच ठेवायचा.