पदवीच्या गाऊनखाली काय घालावं: साडी, बंदगळा की सूट?

गाऊन पुढून उघडा राहणार आहे की चेन लावून बंद होणार आहे, एवढं आधी विद्यापीठाला विचारून घ्या. साडी, बंदगळा की सूट याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं. बहुतेक घरांत मात्र चर्चा साडीच्या रंगापासून सुरू होते आणि गाऊनचा विचार समारंभाच्या सकाळी होतो.

ब्रिटनमधला बी.ए. किंवा एम.एस्सी.चा गाऊन पुढून उघडाच असतो. तो खांद्यावर घ्यायचा आणि पुढे मोकळा सोडायचा. त्यामुळे आतला पोशाख गळ्यापासून पावलापर्यंत दिसतो. पैठणी, नारायणपेठ, इरकल काहीही नेसा. निऱ्या आणि काठ फोटोत पूर्ण येतात. ब्रिटनमध्ये पदवी घेणाऱ्या मुलीला माझा कौल निःसंकोच साडीला आहे.

अडचण येते ती हूडची. हूड म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडायचा अस्तराचा पट्टा. त्याचं सगळं वजन मागे असतं, म्हणून तो मागे सरकतो आणि पुढचा भाग गळ्याला काचतो. यावर उपाय म्हणून पुढच्या टोकाला दोऱ्याचा एक फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. साडीवर बटण कुठून आणायचं? शिवाय डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या आणि उजवीकडे नुसतं ब्लाउज, त्यामुळे हूड उजवीकडे घसरतो. यासाठी पदर मोकळा न सोडता बारीक घड्या घालून पिन करा. मग हूड गाऊनला आणि गाऊन ब्लाउजला, असं दोन्ही खांद्यांवर आतल्या बाजूने टाचून घ्या. हूड नुसता गाऊनला टाचला तर दोघं मिळून मागे सरकतात. पिना जरीत किंवा पैठणीच्या रेशमात खुपसू नका, ब्लाउजच्या शिवणीत घ्या. रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही. ब्लाउज शिवतानाच शिंप्याला पुढे मधोमध एक छोटं बटण लावायला सांगितलं, तर फासाचाही प्रश्न मिटतो.

नऊवारीचा विचार कुणी फारसा करत नाही, पण करावा. आठ मीटरच्या आसपास कापड असल्यानं ती अंगावर जड वाटते हे खरं. पण काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि मंचाच्या पायऱ्या चढताना निऱ्या पायात येत नाहीत. गाऊन मागून चांगला घेरदार असतो, त्यात काष्टा सहज सामावतो. नेसवून देणारं कुणी सोबत असेल तरच हे ठरवा. सलवार-कुडता सोपा आहे, फक्त ओढणी घरी ठेवा. ओढणी आणि हूड एकाच गळ्यात सुखानं नांदत नाहीत.

मुलांसाठी सूट की बंदगळा? सूटमध्ये हूडचा फास टायच्या मागे शर्टाच्या बटणाला लागतो आणि थोड्या वेळानं शर्टच वर ओढला जातो. बंदगळ्याचं किंवा नेहरू जॅकेटचं कापड जाड, बटण मजबूत. तिथे फास नीट बसतो. दिसायलाही काळ्या गाऊनच्या उघड्या कडांमध्ये बंदगळा फार देखणा दिसतो. कुडता घालायचा तर पुढे बटणपट्टी असलेला घ्या.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथे मात्र आतल्या पोशाखाचेही नियम आहेत. गडद सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, काळे बूट अशा धर्तीचा पोशाख लागतो. ऑक्सफर्डमध्ये त्याला सबफस्क म्हणतात. तिथे साडीची तयारी करण्याआधी लेखी परवानगी विचारा. ऑक्सफर्डचा डॉक्टरेटचा समारंभी गाऊन तर लालभडक आणि निळ्या रेशमाचा असतो; त्याखाली भरजरी रंग लपूनच जातात.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथला गाऊन पुढून बंद होतो आणि पोटरीपर्यंत येतो. साडीचा दिसतो तो फक्त खालचा घेर. मे-जूनमध्ये अनेक समारंभ उघड्या मैदानात होतात आणि गाऊन बहुधा पॉलिस्टरचा असतो. त्याच्या आत साडेपाच मीटर रेशीम घेऊन दोन-तीन तास उन्हात बसणं म्हणजे हालच. तिथे मी हलका सुती कुडता किंवा साधा ड्रेस सुचवेन आणि पैठणी संध्याकाळच्या जेवणाला. कॉलेजनं परवानगी दिली तर पैठणीच्या काठाचं स्टोल गाऊनवर घेता येतं. ते साडीपेक्षा जास्त दिसतं.

अमेरिकेत 1895 साली ठरलेल्या संहितेनुसार बाह्यांवरून पदवी ओळखू येते: बॅचलरची टोकदार, मास्टरची लांब आणि खालून बंद, डॉक्टरेटची घंटेसारखी रुंद आणि तिच्यावर मखमलीचे तीन पट्टे. मास्टरच्या बाहीत हात तळापर्यंत घालायचा नसतो, तो मधल्या फटीतून बाहेर काढायचा. ब्रिटनमध्येही तसंच. हूडचं अस्तर मागून उलटून बाहेर दिसलं पाहिजे, कारण विद्यापीठाचे रंग तिथेच असतात. एक फोटो पाठमोराही काढून घ्या.

आपल्याकडे तर गाऊनच असेल का, हाच प्रश्न आहे. 2010 मध्ये भोपाळच्या दीक्षान्त समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मंचावरच गाऊन उतरवला होता. 2015 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं समारंभी पोशाखासाठी हातमागाचं कापड वापरा असं विद्यापीठांना कळवलं. 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून राज्याच्या परंपरेला धरून पोशाख ठरवायला सांगितलं. तुमच्या संस्थेत उपरणं असेल तर साडी, कुडता दोन्ही उत्तम. फक्त उपरणं आणि पदर एकाच खांद्यावर येणार असतील तर उपरण्यालाही पिन हवीच.

टोपीसाठी केस आधीच ठरवा. चौकोनी टोपीचा पाट जमिनीला समांतर बसायला हवा. उंच अंबाड्यावर ती बसत नाही. अंबाडा मानेशी घाला, गजराही तिथेच माळा, टोपीच्या कडेखाली तो छान दिसतो. टोपीचं माप भुवयांच्या थोडं वर डोक्याभोवती फीत धरून घ्यायचं, इलॅस्टिक मागे ठेवायचं. अमेरिकेत बॅचलरचा गोंडा पदवी जाहीर होईपर्यंत उजवीकडे असतो आणि मग डावीकडे घेतात. ब्रिटनमध्ये ही पद्धत नाही.

गाऊन भाड्यानंच घ्या. विकत घेणं अध्यापनात जाणाऱ्यांनाच परवडतं आणि उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये मागणी काही आठवडे आधी नोंदवावी लागते आणि त्या अर्जात उंची विचारतात. ती चपलेसकट सांगायची की चपलेशिवाय, हे अर्जावर नीट वाचा, कारण साडीखाली उंच टाच घातली तर गाऊनची लांबी चुकते.