अकरा महिने सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर: रांगेत उभं राहून आलेला अनुभव

माझी गाडी विजेवर चालणारी, पण घरी चार्जर बसवायची सोय नाही. पार्किंग सगळ्यांचं मिळून एक, विजेचा मीटर तिथून लांब आणि मधल्या भिंतीतून केबल न्यायला कोणी हो म्हणत नाही. त्यामुळे गेल्या अकरा महिन्यांत गाडीच्या पोटात गेलेलं एकूण एक युनिट सार्वजनिक चार्जरवरचं आहे. आठवड्याला दोन-तीन फेऱ्या धरल्या तर शंभराच्या वर वेळा मी गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, गाडीला लावली आणि काढली असेल. रेंज, सस्पेन्शन, डिकी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते चार्जरपाशी माणसं एकमेकांशी कशी वागतात त्याबद्दल. सुरुवात स्वतःपासूनच करतो, कारण पहिले दोन महिने तिथला सगळ्यांत त्रासदायक माणूस मीच होतो.

पेट्रोलच्या गाडीची सवय अशी, की टाकी भरायची तर फुल्ल. तीच सवय घेऊन मी फास्ट चार्जरवर जायचो आणि १०० टक्के झाल्याशिवाय गन काढायचो नाही. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक गाडी मागे येऊन थांबली. मागच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. गाडी चालवणारे काका उतरले, त्यांनी माझ्या चार्जरच्या स्क्रीनवर नजर टाकली. ९१ टक्के. "किती वेळ लागेल हो?" मी म्हटलं, "झालंच, नऊ टक्के राहिलेत." त्यांच्याकडे सहा टक्के उरले होते. माझ्या नऊ टक्क्यांना अर्धा तास लागला. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी वाद घातला असता. माझा नंबर आधी होता, हे वाक्य तोंडात तयारच होतं.

उद्धटपणा होता, पण त्याच्या मुळाशी अडाणीपणा होता. टक्के आणि मिनिटं यांचा हिशेब सरळ नसतो हे मला माहीतच नव्हतं. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना भराभर करंट घेते. सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचलं, की ते तिथंच धरून करंट कमी कमी करत न्यावा लागतो, नाहीतर सेल खराब होतात. पोतं भरताना सुरुवातीला पाटीनं ओततो आणि तोंडाशी आलं की ओंजळीनं घालतो, तसं. माझ्या गाडीची बॅटरी ४५ युनिटची, म्हणजे ४५ किलोवॅट-तासांची. ५० किलोवॅटच्या डीसी, म्हणजे फास्ट, चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला साधारण पन्नास मिनिटं लागतात आणि ८० ते १०० व्हायला जवळजवळ तेवढीच. म्हणजे शेवटच्या नऊ युनिटांसाठी मी तेवढाच वेळ जागा अडवतो, जेवढ्यात आधी एकतीस युनिटं घेतली. त्या दिवशी स्क्रीनवर टक्क्यांच्या खाली एक आकडा होता, ८ किलोवॅट, म्हणजे त्या क्षणी वीज भरण्याचा वेग. तो वाचता आला असता, तर काकांना दिलेलं उत्तर वेगळं असतं.

तेव्हापासून मी टक्क्यांपेक्षा किलोवॅटचा आकडा जास्त बघतो. तो कोसळला, की फास्ट चार्जरवर उभं राहण्यात मलाही फायदा नाही. पुढची गरज असेल तर बाजूच्या एसी, म्हणजे संथ, चार्जरवर गाडी लावायची. तिथं तसाही वेग कमीच असतो.

पण चार्जरपाशी ऐकू येणारं "८० झाले, गन काढा" हे फतवा म्हणून मला पटत नाही. पुढचा चार्जर खूप लांब असेल, घाट असेल, हीटर लावून गाडी चालवायची असेल, तर माणूस ९५ पर्यंत थांबणार आणि त्यानं थांबावंच. काही गाड्यांत एलएफपी (लिथियम, लोह आणि फॉस्फेटची) बॅटरी असते. त्यांना अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असं कंपन्याच सांगतात, कारण नाहीतर किती टक्के उरलेत याचा गाडीचा अंदाज चुकायला लागतो. (ते काम संथ चार्जरवर उरकावं, गर्दीच्या फास्ट चार्जरवर नाही, एवढंच माझं म्हणणं.) थंडीत बॅटरी गार असेल तर गाडी स्वतःच करंट कमी घेते, कारण गार सेलमध्ये जोरात करंट ढकलला तर ते बिघडतात. शेजारचा ४० टक्क्यांवरच तासभर रेंगाळतोय म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

या अकरा महिन्यांतला सगळ्यांत शिकवून गेलेला प्रसंग एका संध्याकाळचा. दोन मशीन होती, त्यातलं एक बंद. चालू असलेल्याची एकच गन कामाची, ती नुकतीच मोकळी झालेली, आणि आम्ही तिघं थांबलेलो. सगळ्यांत आधी आलेल्याला पन्नास मिनिटांचं चार्जिंग हवं होतं. मी दुसरा, मला घरी पोचण्यापुरतं, वीस मिनिटं. तिसरी एक ताई, तिला फक्त पंधरा. तिनंच विषय काढला. "दादा, तुम्हाला कुठं पोचायचंय का लगेच?" पहिल्याला घाई नव्हती, गाडीत लॅपटॉप उघडून त्याचं काम चाललेलं होतं. मग तिनं बोटांवर हिशेब मांडला. आल्या क्रमानं गेलो तर तो शून्य मिनिटं थांबणार, मी पन्नास, ती सत्तर, मिळून एकशेवीस. उलट्या क्रमानं गेलो तर ती शून्य, मी पंधरा, तो पस्तीस, मिळून पन्नास. त्या माणसानं हिशेब ऐकला, हसला आणि म्हणाला, "मी पस्तीस मिनिटं थांबतो, पण मग मध्ये चौथा कोणी घुसला तर तुम्ही भांडायचं, मी नाही." सौदा झाला.

रांग गाड्यांची नसते, मिनिटांची असते, हे तिथं मला कळलं. तरी हा नियम करावा असं मी म्हणणार नाही. नियम केला, की ज्याला पन्नास मिनिटं हवीत तो दर वेळी शेवटी ढकलला जाईल. विचारायची मुभा सगळ्यांना, नाही म्हणायचा हक्क पहिल्याला. मी नंतर चार-पाच वेळा असं विचारलं. दोनदा सरळ नकार मिळाला आणि तो मी गप गिळला. मात्र विचारण्याआधी एक काम करावं लागतं: आपल्याला नक्की किती हवंय ते ठरवून यायचं. "बघू, जेवढं होईल तेवढं" म्हणणाऱ्याशी कुठलाच हिशेब जमत नाही.

वीज वाटून घेण्याचा प्रकार मला पाचव्या महिन्यात कळला. ६० किलोवॅटचं एक मशीन, दोन गन. मी एकटा होतो तोवर पन्नासच्या आसपास मिळत होते. शेजारी एक गाडी येऊन लागली आणि माझा आकडा तिसावर आला. मी त्या बिचाऱ्याला जाऊन म्हटलं, "तुम्ही काहीतरी केलंत." त्यानं काहीच केलं नव्हतं, मशीननं ६० चे तीस-तीस केले होते. बरीच डबल गनची मशीन अशीच चालतात. त्यामुळे दोन मशीन असतील आणि एकावर कोणी लागलेलं असेल, तर रिकाम्या मशीनवर जावं. दोघांचाही वेळ वाचतो. तसंच मोठ्या चार्जरचं. माझी गाडी ५० च्या वर घेतच नाही. शेजारी ६० चं मोकळं असताना मी १५० किलोवॅटच्या मशीनला लागलो, तर मला काडीचाही फायदा नाही, आणि ज्याची गाडी १२० घेऊ शकते तो मात्र अडकला. एसी चार्जरचंही असंच. २२ किलोवॅट लिहिलेलं असलं तरी एसी विजेची डीसी करणारा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ७ चा असेल तर ७ च मिळणार.

चार्जिंग संपल्यावरही गाडी तिथंच उभी, या विषयावर मी तासभर शिव्या घालू शकतो, पण माझ्याकडूनही एकदा हे झालंय. तळघरातलं पार्किंग, मोबाइलला नेटवर्क नाही, ॲपचा मेसेज आलाच नाही. गाडीपाशी आलो तेव्हा ती भरून चाळीस मिनिटं झाली होती आणि काचेवर वायपरखाली एक चिठ्ठी: "आम्ही गेलो." एवढंच. शिवी परवडली असती. तेव्हापासून मी ॲपवर विश्वास ठेवत नाही. गन लावली की चार्जर दाखवतो त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीचा गजर मोबाइलमध्ये लावतो. अंदाज चुकतो, पण लवकर जाऊन उभं राहण्यात कोणाचं नुकसान नाही.

काही नेटवर्कवर अशा रेंगाळण्याला दंड लागतो. टेस्लानं डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या सुपरचार्जर नावाच्या फास्ट चार्जरवर तो सुरू केला. चार्जिंग संपल्यापासून पाच मिनिटांत गाडी हलवली तर माफ, नाहीतर मिनिटामागे आकार. नंतर स्टेशन निम्मं तरी भरलेलं असेल तरच तो लागू, असा बदल केला. हे मला शहाणपणाचं वाटतं. मध्यरात्री ओसाड स्टेशनवर झोपलेल्या माणसाला दंड करून कोणाची सोय होणार आहे?

दुसऱ्याच्या गाडीची गन काढावी का, हा प्रश्न दर आठवड्याला कानावर येतो. माझं उत्तर, नाही. तसंही ती बहुतेक वेळा निघत नाही. सीसीएसची गन (फास्ट चार्जरला सहसा हीच असते) चार्जिंग चालू असताना गाडीच आपल्याला लॉक करून धरून ठेवते, आणि बऱ्याच गाड्या चार्जिंग संपलं तरी मालकानं गाडी अनलॉक करेपर्यंत ती सोडत नाहीत. एका गृहस्थाला पाय रोवून गन ओढताना मी पाहिलंय. गाडी हलली, गन नाही. एसी चार्जरवर तर पुष्कळदा केबलच त्या माणसाची स्वतःची असते. आणि लाल बटणाला कधीच हात लावू नका. ते आग, धूर, शॉक यांसाठी आहे. कोणीतरी दुसऱ्याचं चार्जिंग थांबवायला ते दाबलं आणि सगळं मशीन बंद पडलं. मग तंत्रज्ञ येईपर्यंत दाबणाराही अडकला, आणि मीही.

गन जागेवर टांगणं ही गोष्ट सांगावी लागते याचंच आश्चर्य वाटतं. जमिनीवर टाकलेल्या गनमध्ये माती-पाणी जातं, तिच्यावरून चाक गेलं की ती फुटते आणि मग लॉकच होत नाही. लॉक झाल्याची खात्री पटल्याशिवाय मशीन करंट सोडत नाही, म्हणजे एका माणसाच्या आळसानं ती गन कामातून गेली. डीसीची केबल जड असते, वयस्कर माणसाला गुंडाळून टांगणं जड जातं. दिसलं तर मी जाऊन उचलतो. उलट, बंद चार्जरची तक्रार ॲपवर नोंदवण्यात मी आजही आळशी आहे. अकरा महिन्यांत फार तर सहा-सात वेळा. बाकी सगळ्यांनीही तेच केलंय, म्हणून ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात मेलेला असतो.

बारीकसारीक गोष्टी: गार हवेसाठी गाडीचा एसी लावून आत बसलात तर डीसी चार्जरवर फारसा फरक पडत नाही, पण ३.३ किलोवॅटच्या संथ चार्जरवर तो एसी मिळणाऱ्या विजेतला मोठा हिस्सा खातो, आणि मागचा माणूस तेवढा जास्त थांबतो. चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलची गाडी लावणाऱ्यांबद्दल लिहीत नाही, ते हे वाचणार नाहीत. पेट्रोल आणि चार्ज केलेली बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रीडवाल्यांशी माझं भांडण नाही. टाकीत पेट्रोल असताना गन धरून ठेवलीय हे दिसतं, तरी नंबर त्यांचा असतो. मी जाऊन विचारतो, निम्मे तरी हलतात.

मला सगळ्यांत उपयोगी पडलेली वस्तू मी स्वतः बनवली, पुठ्ठ्याचं घड्याळ. डॅशबोर्डवर ठेवायचं, काटे मी परत येणार त्या वेळेवर. खाली मोठ्या अक्षरात एक ओळ: "६५ टक्के पुरे, नंतर हलवतो." आधी मी मोबाइल नंबर लिहायचो. मग बायको गाडी घेऊन गेली आणि रात्री अकराला एकाचे "कुठं राहता" विचारणारे मेसेज सुरू झाले. तेव्हापासून नंबर बंद. लोकांना नंबर नकोच असतो, त्यांना थांबायचं की पुढच्या चार्जरकडे निघायचं एवढं कळायला हवं असतं. एकदा मी दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पोचलो, तर एक मुलगा हातातलं घड्याळ आणि पुठ्ठ्याचं घड्याळ ताडून बघत उभा होता. मला बघून थोडा हिरमुसलाच.

ते काका परत कधी भेटले नाहीत. त्यांची निळी गाडी आणि मागच्या काचेवरचा तडा लक्षात आहे. तसं काही दिसलं की अजून मान वळते. घड्याळ मात्र नवीन करावं लागणार, उन्हानं पुठ्ठा वाकलाय आणि परवा मिनिटकाटा गळून सीटखाली गेला.